अंडी घेऊन झरीला

साताऱ्याला परतले त्याच संध्याकाळी आमच्या सोसायटीच्या बाकावर पहिला प्रश्न आला, "यवतमाळला बघण्यासारखं काय आहे हो?" मी म्हटलं, "मी बघायला गेलेच नव्हते, दाखवायला गेले होते." काय दाखवायला, तर अंडी. यावर समोरच्या वहिनींनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती निवृत्त माणसाला चांगलीच ओळखीची असते.

तर झालं असं. तीस वर्षं मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवलं. त्यातला माझा लाडका धडा पेशीत पाणी कसं शिरतं याचा, आणि त्या तासाला मुलांची लाडकी गोष्ट म्हणजे तास संपल्याची घंटा. माझी बी.एड.च्या वसतिगृहातली खोलीमैत्रीण पंचशीला हे सगळं जाणून आहे. ती नेरची, हायस्कुलातून निवृत्त झालेली. तिचा फोन आला, "घरी बसून भिंतीले शिकवून राह्यली असशील. त्यापेक्षा इकडं ये. दोन शाळा ठरवल्या हाये म्या. तुझं ते पाण्याच्या दाराचं भाषण दे." मान न मान, मैं तेरा मेहमान असं कुठं करता येईना म्हणून गप्प बसलेली मी. आमंत्रणच आल्यावर कशाला थांबते!

नेर

डिसेंबर सुरू होता. अमरावतीहून एस.टी.नं निघाले तर रस्त्याच्या कडेच्या बाभळींना कापूस लागलेला. कापसाच्या गाड्या खचाखच भरून जातात आणि काटे आपापला वाटा काढून घेतात. उसाच्या ट्रॅक्टरमागे धावून कांड्या ओढण्यात आमचं बालपण गेलं, पण इथं झाडंच ते काम करताना दिसली.

पंचशीलाच्या घरी पुढच्या खोलीत बुद्धाची छोटी मूर्ती, तिच्यापुढे ताजी शेवंती, आणि आतून येणारा असा वास की प्रवासाचा शीण दारातच उतरला. पाटोडीचा, म्हणजे बेसनाच्या वड्यांचा, रस्सा होता आणि गोळाभात. गोळाभात म्हणजे भरडलेल्या हरभऱ्याच्या डाळीचे तिखट गोळे भाताबरोबर शिजवायचे आणि वाढल्यावर त्यावर कडकडीत फोडणी ओतायची. आम्ही सातारकर स्वतःला तिखटाचे पहिलवान समजतो. रश्शाच्या पहिल्याच घासाला पहिलवान चीत झाला. मी घटाघट दोन पेले पाणी प्यायले, नाक पुसलं, आणि हरल्याचं कबूल करायला नको म्हणून धडा सुरू केला.

"पंचशीला, ही तर्री बघ. खाली रस्सा म्हणजे पाणी, वर तेल. दोघांचं पटतं का?"

"सात जन्म नाही पटत."

"पेशीभोवतीचं पटल असंच तेलकट असतं. आत पाणी, बाहेर पाणी, मध्ये तर्री. मग पाणी आत जातं कसं?"

"जिरत असन."

"थोडं जिरतं. पण तेवढ्यानं भागत नाही. म्हणून त्या तेलात जागोजाग प्रथिनांची दारं बसवलेली असतात. इतकी अरुंद की पाण्याचा एकेक रेणू रांगेनं जातो, आणि तरी सेकंदाला अब्जावधी जातात. दार पाण्याचं असेल तर मिठाला तिथून प्रवेश नाही. मिठाचं दार निराळं, साखरेचं निराळं."

"म्हणजे आमच्या तहसील कचेरीसारखं. या खिडकीत गेले तं म्हणतात त्या खिडकीत जा." पंचशीलानं माझ्या ताटात आणखी एक गोळा टाकला. "बरं, तुले एक काम सांगायचं हाये. झरीकडची जी शाळा ठरवली ना, तिथं वसतिगृह हाये. तिथली कुमरेबाई माझी विद्यार्थिनी. तिच्याकडं सातवीत एक कोलाम आदिवासी पोरगी हाये, मंजुळा. थे दिवसभर पाणी पेत राह्यते. वर्गातून दहा वेळा उठते, गादी ओली करते. कुमरेबाई कटाळली. शनिवारी बापाले बोलावलं, म्हणे घेऊन जा. घरी गेली तं संपलं, तिची शाळा सुटली समज. तू जरा समजावून सांग तिले. बाहेरच्याचं ऐकतात पोरी."

"साखर तपासली का?"

"तपासली. नाही निघाली."

"मग शिस्तीचा प्रश्न आहे," मी म्हणाले. शिस्त लावायची मला भारी हौस. आणि बोलता बोलता मी तिसरा पेला पाणी मागितलं, हेही आज प्रामाणिकपणे सांगून टाकते.

दुसऱ्या दिवशी अंड्यांची तयारी. अंडं व्हिनेगरमध्ये दीड-दोन दिवस ठेवलं की कवच विरघळतं आणि पापुद्र्यात बांधलेलं मऊ, अर्धपारदर्शक अंडं हाती येतं. ते साध्या पाण्यात ठेवलं तर पाणी आत शिरून फुगतं, साखरेच्या दाट पाकात ठेवलं तर आतलं पाणी बाहेर ओढलं जाऊन सुरकुततं. अंड्याचा पापुद्रा हे काही पेशीचं पटल नव्हे, पण पाणी कुठून कुठं जातं ते दाखवायला फार छान. नेरच्या दुकानांत व्हिनेगर मिळेना. शेवटी बस स्टँडजवळच्या चायनीजच्या गाडीवाल्यानं अर्धी बाटली दिली आणि अंड्यांचं काय करणार ते ऐकून म्हणाला, "जमलं तं मले बी सांगजा, मेनूत टाकतो."

राजूर

गाडी सलीमभाईंची. नेरला त्यांचं गॅरेज आहे आणि स्वतःची एक जुनी व्हॅन. व्हॅन अशी की हॉर्न सोडून सगळं वाजतं, असं मी म्हणाले तर त्यांना राग आला. "म्याडम, इंजन की बात मत करो. दोन लाख किलोमीटर झाले, एक थेंब गळत नाही, कधी गरम होत नाही." मागे पंचशीला, पुढे मी, माझ्या मांडीवर डबा, डब्यात कवच उतरलेली सहा अंडी. वणीच्या अलीकडे एका गतिरोधकावर व्हॅन उडाली, डबा उडाला आणि एक अंडं माझ्या साडीवर फुटलं. व्हिनेगर आणि अंडं यांचा मिळून जो वास येतो तो मी शत्रूलाही चिंतणार नाही. सलीमभाईंनी शांतपणे पुसायला फडकं दिलं. ते ऑईलचं होतं.

राजूर कोळशाच्या खाणींचं गाव. झाडांची पानं मुळात हिरवी असतात हे तिथं आठवावं लागतं. पण शाळेतली मुलं चुणचुणीत. त्यांना मी बेडकाच्या अंड्यांची गोष्ट सांगितली. बेडकाचं अंडं पाण्यातच असतं, तरी फुगत नाही, कारण त्याच्या पटलात पाण्याची दारं जवळजवळ नसतात. संशोधकांना रक्ताच्या पेशीत एक अनोळखी प्रथिन सापडलं होतं, तेही दुसरंच काही शोधताना. ते प्रथिन बनवण्याची कृती त्यांनी बेडकाच्या अंड्यात टोचली आणि अंडं साध्या पाण्यात सोडलं. काही मिनिटांत अंडं टम्म फुगून फुटलं. पाण्याचं दार सापडलं!

मागच्या बाकावरच्या एकानं विचारलं, "म्याडम, कोळशाच्या धुळीले पण दार राह्यते का आत जायले?"

मी जरा गडबडले. म्हटलं, "दार नसतं. ती फुप्फुसात जाऊन बसते, आणि तिथल्या पहारेकरी पेशी तिला गिळून टाकायचा प्रयत्न करतात."

"थकत असतील," तो म्हणाला. तीस वर्षांत इतका चांगला प्रश्न मला वर्गात आला नव्हता.

परत गाडीत बसल्यावर सलीमभाई, जे खिडकीतून सगळं ऐकत होते, म्हणाले, "समझ गया. नॉन-रिटर्न व्हॉल्व आहे. आत जाते, बाहेर येत नाही."

"नाही हो, दोन्हीकडून येजा. ज्या बाजूला मीठ-साखर दाट, तिकडे पाणी ओढलं जातं."

"मंग कंट्रोल कोण करते?"

"काही ठिकाणी दार कायम उघडं. काही ठिकाणी वरून निरोप आला की उघडतं."

"निरोप नाही आला तं?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, पुढे गतिरोधक आहे, तिकडे लक्ष द्या. वाचकहो, इथंच मला कळायला हवं होतं. पण माझं सगळं लक्ष उरलेल्या पाच अंड्यांवर होतं.

झरी

रात्री वणीला मुक्काम केला. शनिवारी सकाळी वणी सोडून झरीकडे वळलो तसा कोळसा मागे राहिला आणि साग सुरू झाला. मधूनच तुरीची पिवळी फुलं, मधूनच टेकडी, मग पुन्हा साग. शाळेच्या फाटकाशी पळसाखाली एक बारीक चणीचा माणूस रिकामी पिशवी मांडीवर घेऊन बसला होता. तो मंजुळाचा बाप, लेकीला न्यायला सकाळीच येऊन बसलेला.

कुमरेबाई मला कडक वाटल्या. चाळीस-बेचाळीसच्या, पदर खोचलेला, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. पण त्यांनी आल्या आल्या गरम चहा आणि ज्वारीची भाकरी, वर मिरचीचा ठेचा असं पुढं केलं, तेव्हा माझं मत बदललं. त्या सांगत होत्या, "ऐंशी पोरी सांभाळतो मी एकटी. महिन्यापासून पाण्याच्या टाकीले कुलूप लावून ठेवतो, हिच्यापायी. रोज गादी वाळू घालताना पाह्यतो, मुंगी लागत नाही. दवाखान्यात नेलं, साखर नाही. मंग बिमारीच नाही तं हे काय हाये, सांगा? नाटकच ना?"

मुंग्यांची परीक्षा आमच्या आजोळीही होती. लघवीला मुंग्या लागल्या की साखरेचा आजार. कुमरेबाईंनी ती महिनाभर नेमानं केली होती. त्यांच्या हिशेबात चूक काढायला मला जागा दिसली नाही.

मी दोन बरण्या मांडल्या. एकीत साधं पाणी आणि अंडं, दुसरीत पाक आणि अंडं. म्हटलं, जेवणानंतर बघू काय होतं. मग भाषण सुरू केलं. दहा मिनिटांत तिसऱ्या रांगेतली एक मुलगी उठली. सडपातळ, दोन वेण्या, डोळे मोठे.

"कुठं?"

"पाणी."

"बस खाली. जेवणाच्या सुट्टीपर्यंत कोणी उठायचं नाही."

ती बसली. थोड्या वेळानं पुन्हा उठली. मी पुन्हा बसवलं. तिसऱ्या वेळी मी नुसतं बघितलं आणि ती अर्धवट उठलेली तशीच बसली. माझी नजर अजून चालते म्हणून मला बरंही वाटलं. आज लिहिताना त्याची लाज वाटते.

सुट्टी झाली, मुली हात धुवायला गेल्या. वरण-भात आणि वांग्याची भाजी खाऊन आम्ही परत आलो तर वर्गात हशा पिकला होता. साध्या पाण्याची बरणी रिकामी. तळाशी अंडं कोरडं पडलेलं. "मंजुळानं अंड्याचं पाणी पेलं! मंजुळानं अंड्याचं पाणी पेलं!"

मला आधी संतापच आला. माझा प्रयोग! तिला पुढं बोलावलं, बोलायला तोंड उघडलं, आणि जवळून तिचे ओठ दिसले. सालं निघालेले, मधोमध भेगा पडलेले. डिसेंबरच्या थंडीत, जेवणाच्या सुट्टीत, पाणी पिऊन आलेल्या मुलीचे ओठ.

"तू नळावर पाणी नाही प्यायलीस?"

"एक गिलास भेटते," ती म्हणाली. "रांगेत एकच देतात मले."

"आणि हे अंड्याचं पाणी... वास नाही आला तुला?"

"आला." मग तिनं खाली बघत स्वतःच्या बोलीत एकच शब्द उच्चारला, "ईर." तिच्या मागे उभ्या मुलीनं सांगितलं, कोलामीत पाण्याले ईर म्हणतात.

वाचकहो, मी हातातली बरणी खाली ठेवली. लक्ष वेधायला नाटक करणारं पोर अंड्याचं पाणी पिणार नाही. मी हा धडा तीस वर्षं शिकवला. मूत्रपिंडाच्या शेवटच्या नळ्यांमध्ये पाण्याची दारं असतात. ती एरवी पेशीच्या आत ठेवलेली असतात, घडीच्या खुर्च्यांसारखी. मेंदूकडून निरोप आला की ती भिंतीत येऊन बसतात आणि लघवीतलं पाणी अंगात परत घेतलं जातं. निरोप आलाच नाही किंवा दारच बिघडलं, तर पाणी नुसतं वाहून जातं. तो माणूस पीतच राहतो, जातच राहतो. साखर निघत नाही. मुंग्या लागत नाहीत. परीक्षेत चार गुणांना येणारा हा प्रश्न माझ्यासमोर दोन वेण्या घालून उभा होता आणि मी त्याला तीनदा खाली बसवलं होतं.

मी कुमरेबाईंना बाजूला घेतलं. "टाकीचं कुलूप आधी काढा. ही पाणी पिते म्हणून लघवी होत नाही. पाणी अंगात थांबत नाही म्हणून ती पिते. अडवलं तर जिवावर बेतेल."

"तुम्ही डॉक्टर हाये का?" कुमरेबाईंनी विचारलं. प्रश्न रास्त होता.

"नाही. चूकही असेन. म्हणून तिला डॉक्टरकडे न्यायचं. घरी पाठवू नका."

बापाला बोलावलं. पंचशीलानं त्याला विचारलं, "घरी किती पेते पाणी?"

"लई. तीन-चार सालापासून," तो म्हणाला. "तिची माय तिच्या उशाशी पाण्याचा गुंड भरून ठेवते. संपला का भरते. आमच्याकडं पाण्याले कोणी नाही म्हणत नाही, म्याडम." जरा थांबून त्यानं कुमरेबाईंकडे बघितलं. आवाज चढवला नाही. "इथं मोजून देता हे मालूम असतं तं धाडलीच नसती मी."

कुमरेबाईंनी कमरेचा जुडगा सोडवला. टाकीची किल्ली त्यातून काढायला गेल्या, पण कडी घट्ट होती. शेवटी पंचशीलानं ती काढून दिली.

यवतमाळ

रविवारी दवाखान्यात तपासणी बंद, म्हणून झरीलाच राहिलो आणि सोमवारी उजाडल्यावर मंजुळाला आणि तिच्या बापाला घेऊन निघालो. सलीमभाईंना मी तिच्याविषयी सांगितलं होतं, पण एवढ्या बारकाईनं ते ऐकत असतील असं वाटलं नव्हतं. दर वीस मिनिटांनी, कोणी न सांगता, झाडी बघून गाडी थांबायची. "इंजन गरम झालं," म्हणायचे, आणि बोनट उघडून पाठ करून उभे राहायचे. मंजुळा उतरायची, यायची, बाटली संपवायची. ते इंजन कधीच गरम होत नसे, हे त्यांनीच मला अभिमानानं सांगितलेलं.

मोठ्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर एक तरुण मुलगी होती, माझ्या जुन्या विद्यार्थिनींच्या वयाची. मी लांबण लावायला लागले तर तिनं अर्ध्यात हात वर केला, "मॅडम, कळलं. तुमचा संशय बरोबर असू शकतो." मग म्हणाली, तपासायचं तर तिला काही तास पाणी बंद ठेवावं लागेल. आमच्या देखरेखीखाली, दर तासाला वजन आणि रक्त बघत. मगच औषध टोचून कळेल की निरोप येत नाही की दारच बिघडलंय.

म्हणजे पुन्हा पाणी बंद. आणि या वेळी आम्हीच करणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी तपासणी सुरू झाली. तो दिवस मला आठवायलाही नको वाटतो. बाप बाहेर पायरीवर बसला. पंचशीला तिला गावच्या गमती सांगत होती. मंजुळा ऐकत होती, पण नजर भिंतीवरच्या नळाकडे. कुमरेबाई रजा टाकून आल्या होत्या. त्यांनी खाटेजवळ स्टूल ओढून घेतलं, नळ आणि मुलगी यांच्या मधोमध बसल्या, आणि मग एकाएकी रडायला लागल्या. "माय, मी महिनाभर हेच केलं ना तुले. कोणी डॉक्टर बी नव्हता जवळ." मंजुळानं त्यांच्या पदराचं टोक धरलं आणि तसंच धरून ठेवलं.

दुपारी डॉक्टरनं इंजेक्शन दिलं. मग वाट बघणं. तास गेला. दीड तास झाला. डॉक्टर लघवीच्या तपासणीचा कागद घेऊन आली आणि दारातूनच हसली. "दारं ठणठणीत आहेत. निरोप तेवढा येत नव्हता. औषध म्हणजे तोच निरोप. रोज गोळी घ्यायची, आणि निरोप का थांबला ते बघायला डोक्याचा फोटो काढायचा." (तो नंतर काढला. काळजीचं काही निघालं नाही. मंजुळा अजून सातवीतच आहे, झरीलाच.)

"आता थोडं पाणी दिलं तरी चालेल," डॉक्टर म्हणाली. कुमरेबाईंनी पेला भरून आणला. मंजुळानं पेला दोन्ही हातांनी धरला आणि तोंडाला लावला. अर्धा प्यायली. मग थांबली. पेला खाली घेतला आणि त्यात बघत राहिली.

"काय गं? नको?" मी विचारलं.

तिनं मान हलवली. मला वाटलं, मळमळतंय की काय. मग तिनं माझ्याकडे पाहिलं.

"म्याडम, सगळ्या पोरीयची तहान अशी पाणी पेल्यावर जाते का?"

"हो गं," मी म्हणाले. "सगळ्यांची जाते."

"मंग मले कोणी सांगतलं काहून नाही?"